लाटांच्या तळ्यात घेतलेले आचमन

सर्व जलांचा स्वामी जो वरुण त्याला, आणि आमच्या गावाचा राखणदार जो रवळनाथ त्याला, प्रथम वंदन. गेल्या वैशाखात आमच्याच जिल्ह्यातील एका मोठ्या वॉटर पार्कात आम्ही सहकुटुंब एक दिवस घालवला, त्या दिवसाचे हे स्मरण.

पंचाहत्तरी उलटलेला मी, पण आदल्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे चारला उठून स्नानसंध्या आटोपली आणि पडवीत पिशवी घेऊन बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, आंघूळ करून आंघोळीक चलले!"

या उत्साहाच्या तळाशी एक शल्य होते. त्याआधीच्या कार्तिकात आम्ही तोंडवलीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. माझी आठ वर्षांची नात माझे बोट धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. सूर्य मावळत होता. अर्घ्य देण्यास दोन्ही हातांची ओंजळ लागते, म्हणून मी तिचे बोट सोडले. तेवढ्यात लाटेने तिला उलथवले. सुनेने धावत येऊन तिला उचलले. नाकातोंडात खारे पाणी गेले, याहून अधिक काही झाले नाही. परंतु तेव्हापासून डोक्यावर तांब्या ओतला तरी ती रडे. मला तिने कधी दोष दिला नाही. केवळ पाण्याजवळ माझा हात धरणे सोडले. तो हात मला परत हवा होता.

पार्कात पोहोचलो आणि मी थक्क झालो. दोन माड एकावर एक उभे करावेत इतक्या उंचीवरून पिवळ्या-निळ्या नळ्या वळसे घेत खाली येत होत्या आणि त्यांतून माणसे किंचाळत पाण्यात कोसळत होती. धोतराला तेथे मज्जाव. मुलाने मला नायलॉनची अर्धी विजार आणि अंगाला चिकटणारा सदरा दिला. यज्ञोपवीत सदऱ्याच्या आत सरकवून मी बाहेर आलो, तो सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला.

"अगो बाय! ह्या ध्यान देवळाच्या पायरेर उभा केला, तर देव पण हसात!"

नातही हसली, पण लाटांच्या तळ्याशी येताच तिचे हसू मावळले. तेथे यंत्राने लाटा उठवतात, हे तिला ठाऊक होते. टॉवेल गुंडाळून ती काठावरच्या खुर्चीत बसली.

"ये गो, काय होणा नाय," तिचा बाप पाण्यातून म्हणाला.

"माका नको."

तिला हाक मारण्याचा अधिकार मी गमावला होता. मी एकटाच पाण्यात उतरलो. लाटा सुटण्याआधी होणारा भोंगा अजून वाजायचा होता, पाणी निवांत होते. कोणत्याही जलाशयात शिरताच पूर्वेला वळून आचमन करायचे, ही मुंजीपासूनची सवय. त्या सवयीला तळे कोणते ते कळत नाही. मी केशवाचे नाव घेऊन पळीभर पाणी तळव्यातून प्यालो. चव दवाखान्याची आली. तरीही नारायणाचे नाव घेऊन दुसऱ्यांदा तळवा भरला.

"आजोबा! तां पाणी पिव नकात!"

मागे छपछप आवाज झाला. टॉवेल टाकून नात कंबरभर पाण्यात धावत आली होती. तिने माझा भरलेला हात मनगटाशी धरला आणि सारे पाणी झटकून टाकले.

"त्यात औषध घालतत! पोटात दुखात तुमच्या! इतक्यापण कळना नाय?"

"बाबा, ही गंगा न्हय," मुलगा हसून म्हणाला. "सकाळीच पावडर टाकल्यानी."

आणि तेव्हा भोंगा वाजला. आपण कोठे उभे आहोत हे नातीला त्या क्षणी उमगले. तिचा चेहरा पांढरा पडला, पण माझे मनगट तिने सोडले नाही. मी दुसऱ्या हाताने तिचा दंड घट्ट धरला.

"नाक दाब, डोळे मीट, आणि देवाचे नाव घे," मी म्हणालो. "सोडणार नाही."

पहिली लाट आम्हां दोघांवरून गेली. माझा तोल गेला, पाय तळावरून सुटले, सदरा गळ्यापर्यंत चढला. हात मात्र तसाच राहिला. ती वर आली तेव्हा खोकत होती, डोळे लाल झाले होते. आता हंबरडा फुटणार, असे वाटून मी तिला काठाकडे वळवू लागलो.

"परत!" ती ओरडली.

मग लाटेमागून लाट आली. प्रत्येकीला ती आधी किंचाळे, मग हसे. मीही किंचाळलो, हे येथे लपवीत नाही. अखेरीस यंत्र थांबले, तशी ती काठावरच्या रक्षकावर तुटून पडली.

"काकानू, लाट कित्याक बंद केल्यात?"

"आता अर्ध्या तासाने, बाळा."

"आमी हयच रवतलों," येथून हलणार नसल्याचे तिने माझ्या वतीनेही सांगून टाकले.

सौभाग्यवती जेवायला हाका मारीत राहिल्या. आम्ही दोघे बोटांना सुरकुत्या पडेतो त्या तळ्यात पुढच्या भोंग्याची वाट पाहत उभे होतो.

वाचकहो, तुमच्या विहिरी सदैव भरलेल्या राहोत, घरातल्या लेकरांच्या मनातले भय ओसरो, आणि वडीलधाऱ्यांच्या हातून झालेल्या चुका पोटात घालणारी माणसे तुमच्या कुटुंबात नांदोत. शुभं भवतु.