देवाजींच्या खिशातला माउथपीस

इंग्रजांच्या काळातलं भूत दाखवायचं म्हटलं की आपल्या पोरांना लंडनचं धुकं आठवतं. पण त्या धुक्यातलं यंत्र बनवायला माणूस नागपूरच्या इंदोऱ्यातलाच लागतो. आणि नाव द्यायची वेळ आली की तोच माणूस नुसता ‘काका’ होतो. माझं डोकं फिरतं ते इथं.

देवाजी रंगारी लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करतात. चेपलेल्या ट्रम्पेटचे पोचे काढायचे, फुटक्या पितळेला झाळ मारायची, चाळीस वर्षं हेच. उस्तादाचा एक रिवाज त्यांनी सोडला नाही. दुरुस्त वाद्य हातात देतात, पण माउथपीस, म्हणजे ओठांना लावून फुंकायचा तुकडा, खिशात ठेवतात. मग विचारतात, "हात कोनाचा?" बँडमास्तरनं सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर म्हणायचं, "हात देवाजीचा." मगच माउथपीस लागतो, पहिला सूर निघतो.

धरमपेठेतला मोहित शॉर्ट फिल्म करतो. वाफेची यंत्रं, झालरीच्या झग्यातली भुतं, असल्या इंग्रजी कथांनी त्याचं डोकं भरलेलं. त्याच्या गोष्टीत सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातली मडम मेलेल्या नवऱ्यासाठी पितळेचं फुप्फुस बनवून घेते आणि ते आपोआप श्वास घ्यायला लागतं. बनवतो कोण? जर्मन शास्त्रज्ञ! नागपुरातल्या गोष्टीतही पितळेला हात लावायला आपला माणूस नाही.

पण पडद्यावरचं फुप्फुस बनवून घ्यायला मोहित देवाजींकडेच आला, कागदावर एक गोळा काढून. "काका, बस ऐसा कुछ."

बाकी सगळं देवाजींचं. पेटीचा भाता, ट्रम्पेटचे खटके, मोठ्या भोंग्याचं तोंड. माउथपीसमध्ये त्यांनी पेटीतली सुराची पट्टी बसवली आणि हँडल फिरवलं. घरघर असा काही श्वास निघाला की त्यांची बायको कौसल्याबाई आतून ओरडली, "बंद करा जी ते! माह्या बापाचा शेवटचा दिवस आठवून राहिला मले."

देवाजींनी मागितलं एकच. "पडद्यावर नाव दे बाबू. हिले दाखवाचं हाय."

"एकदम पक्का, काका."

शूटिंग झालं, आणि रिवाजाप्रमाणे माउथपीस देवाजींच्या खिशात परत गेला. मोहितला वाटलं, सुटा तुकडा असेल.

फिल्म दाखवायच्या दिवशी कौसल्याबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. मी त्यांचा शेजारी, मीही बाजूला बसलो. पाटी आली: ‘यंत्राची कल्पना आणि निर्मिती: मोहित.’ शेवटी आभारांत, एका कॅफेच्या खाली, ‘बँडवाले काका’.

"तुमचं नाव गेलं का जी? मले तं दिसलंच नाही," कौसल्याबाईंनी विचारलं.

मी उठलोच. देवाजींनी माझं कोपर दाबलं. "बस गा खाली."

तेवढ्यात मोहितनं स्टेजवर यंत्रावरची चादर ओढली. "अब ये सांस लेगा!" हँडल फिरवलं. फुस्स. पुन्हा फुस्स. हॉल हसला. मोहित खटके दाबत राहिला, मग भोंग्याखालचं रिकामं भोक त्याला दिसलं. धावत आमच्या रांगेपाशी आला.

"काका, वो पीस?"

देवाजींनी माउथपीस काढून दाखवला. "हात कोनाचा?"

"बाद में बोलते ना, काका."

"मंग श्वासही बाद में."

मी म्हटलं, "यांचं नाव काय, ते तरी सांग."

आईशप्पथ सांगतो, त्याला माहीत नव्हतं! अडीच महिने त्या घरचा चहा पीत होता. फोन काढला, त्यातही ‘बँड काका’.

कौसल्याबाईच बोलल्या. "देवाजी रंगारी. लिहून घे."

मोहित स्टेजवर गेला, माइक धरला. "हे यंत्र... हात देवाजी रंगारींचा."

देवाजी सावकाश पायऱ्या चढले, माउथपीस बसवला, हँडल फिरवलं. तो श्वास हॉलभर फिरला. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर पदर धरला.

मग त्यांनी माउथपीस काढला आणि पुन्हा खिशात टाकला.

"अरे काका, अब क्या? नाव घेतलं ना!"

"तोंडानं घेतलं. पडद्यावरचं राहिलं हाय."

तीन आठवडे झाले. फिल्म नेटवर आहे, पाटी तीच आहे. नवीन पाटी टाकायला एक दुपार लागते म्हणतात. लाज किती दिवसांत येते, ते मला माहीत नाही. माउथपीस देवाजींच्या खिशात आहे. दुकानाचा पत्ता मोहितला माहीत आहे. आता नावही.