कंपनी बेटावर, मालक लेकीकडे

पंपकाकांचं खरं नाव बँकेखेरीज कुणी वापरत नसे. जहाजांवरचे पंप दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून ते पंपकाका. तरुणपणी ते जहाजावरच फिटर होते. इंजिनाच्या खोलीत अर्धे कान गेले, तेव्हा जहाज सोडलं आणि जिथे जहाजं तेलपाण्यासाठी थांबत, अशा एका लहानशा बेटावर त्यांनी पत्र्याची शेड भाड्याने घेतली. धातू कातायचं एक जुनं लेथ मशीन आणलं, कंपनी नोंदवली. बेटावर कर नावापुरताच होता. त्या लेथने पहिल्याच वर्षी त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं. "भागीदाराने आपला वाटा उचलला," असं ते हसत सांगायचे.

शेड वाढली, माणसं आली. एक शाळा बंद पडली, तिथले गणिताचे शिक्षक हिशेबाला आले आणि हळूहळू शेडचा सगळा कारभारच त्यांच्या अंगावर पडला. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या आणि तिथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. काका धावत गेले ते तिथलेच झाले. डॉक्टर तिथे, व्यायाम करून घेणारी बाई तिथे, लेक तिथे. काकूंना हलवायचा प्रश्नच नव्हता आणि काकूंना सोडून काकांना राहायचं नव्हतं.

लेकीच्या घरी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक चिंचोळी खोली होती. इस्त्रीच्या टेबलावर काकांनी चष्मा आणि फोन ठेवला, की कंपनीचं कामकाज सुरू. कान अधू, म्हणून फोनचा आवाज कायम मोठा. रोज सकाळी मास्तर घरभर ऐकू येत.

"काका, पितळेचा भाव चढलाय. घेऊ का?"

"थांब. आधी जुन्या पेटीत बघ."

"वेल्डर रजा मागतोय. मेव्हणीचं लग्न आहे म्हणे."

"दे बाबा. नाहीतर त्याची बायको त्यालाच वेल्ड करेल!"

पलंगावरून काकू अर्ध्या ओठांनी हसायच्या. अशी तीन-चार वर्षं गेली आणि त्या देशाच्या कर खात्याची नोटीस आली.

लेकीने एक सल्लागार गाठली. पोरगी तरुण होती, पण घाईत बोलणारी नव्हती. "काका, तुम्ही इथे राहता, म्हणजे तुम्ही स्वतः इथले करदाते झालातच. प्रश्न कंपनीचा आहे."

"कंपनी बेटावर आहे. पाटी आहे, शेड आहे, माणसं आहेत."

"आहेत. पण निर्णय कोण घेतं? कुठे बसून? नोंदणी कुठेही असू दे, कंपनीचं डोकं जिथे, तिथली ती कंपनी, असं इथला कायदा मानतो."

काकांनी इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. या टेबलाला एवढं महत्त्व असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कर कार्यालयात ते धुतलेला शर्ट घालून गेले. समोरच्या अधिकारी बाई शांतपणे विचारत होत्या. काकांनी ठरवलेलं उत्तर दिलं. "सगळं मास्तर बघतात. मी आता नावाला."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"घ्या ना," बाई म्हणाल्या.

"मास्तर, आत्ता नको—"

"एकच मिनिट, काका! तो टगबोटवाला परत उधारीवर पंप मागतोय. देऊ?" मास्तरांचा आवाज खोलीभर घुमला.

"अजिबात नाही! आधीची बाकी—" काका बोलून गेले आणि थांबले.

बाई हसल्या नाहीत. "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

काकांनी फोन बंद केला. "नाही. आत्ता ऐकलंत तेच खरं."

मागच्या वर्षांचा कर भरावा लागला. त्यात काकांचं बेटावरचं घर गेलं. पण खरा घोर पुढचा होता. कारभार इथूनच चालला, तर दर वर्षी इथला कर आणि दोन्हीकडचा हिशेब. एवढ्याशा शेडला ते झेपणारं नव्हतं. सल्लागार पोरीने स्पष्ट सांगितलं, "एक तर बेटावर परत जा, नाहीतर कारभार मास्तरांना खरोखर सोडा. मालक म्हणून वर्षाअखेरीस नफा-तोटा विचारा. रोजचं काही नाही."

घरी जावईबापूंनी हळूच सुचवलं, "बाबा, दुसरा नंबर घ्या की. सह्या मास्तरांच्या, बोलणं तुमचं. कुणाला कळतंय?"

"कर खात्याने मास्तरला विचारलं तर?" काका म्हणाले. "तो खोटं बोलायला लागला की कान लाल होतात त्याचे. आणि या वयात मी त्याला ते शिकवू?"

परत जाण्याचा विचार त्यांनी एकदाच बोलून दाखवला. काकूंनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना फोन लावला. "आजपासून मला विचारायचं नाही. कायदा म्हणून नाही म्हणत. खरंच विचारायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"माझं चुकलं तेव्हा बोट गेलं. तू जरा लांब उभा राहा."

मास्तर हसले नाहीत. नाक ओढल्याचा आवाज मात्र फोनमधून स्वच्छ आला.

सकाळी फोन वाजेनासा झाला. काका सवयीने इस्त्रीच्या टेबलाशी बसत आणि उठत. पितळेचं काय झालं असेल, टगबोटवाला काय म्हणाला असेल, हे घशाशी यायचं. ते पाणी पिऊन गिळायचे. मग काकूंचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडायचे, मिटायचे. ते काम त्यांनी व्यायामवाल्या बाईकडून आपल्याकडे घेतलं होतं.

एका सकाळी असंच चाललं असताना फोन वाजला. मास्तर होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काका... ते जुनं लेथ. जागा अडतेय. एक भंगारवाला बऱ्यापैकी भाव देतोय."

काकूंची नजर त्यांच्या तोंडावर खिळली.

"मास्तर, विचारतोयस की सांगतोयस?"

पलीकडे शेडमधली हातोडी दोनदा पडल्याचं ऐकू आलं.

"सांगतोय, काका. विकतोय."

काकांच्या तोंडाशी 'थांब' आलं होतं. थांब म्हणायला काय लागतं? पण मग बेटावरचा मास्तर पुन्हा नुसता निरोप्या झाला असता.

"बरं," ते म्हणाले, आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. थोडा वेळ त्यांनी आपली तुटकी करंगळी अंगठ्याने चोळली. मग काकूंचा हात पुन्हा मांडीवर घेतला. "हं, कुठल्या बोटावर होतो आपण?"

काकूंनी त्यातल्या त्यात हलणारं बोट किंचित उचललं.