भिंतीची मागची बाजू

आमच्या गावच्या बागेतला खुला रंगमंच माझ्या वडिलांनी बांधला. ते गवंडी होते आणि जयंतीला गाणारेही. मंचाचं तोंड बाजारपेठेकडे, पाठ आमच्या बौद्धवस्तीकडे. मागच्या अंगाला कसाबसा गिलावा मारला असता तरी चाललं असतं. वडिलांनी भिंत दोन्हीकडून सारखीच गुळगुळीत घोटली. मुकादम हसला, "मागनं कोण बघणार हाय?"

"मागं बी माणसंच राहत्यात, राव," वडील म्हणाले.

उद्घाटनाला वस्तीतल्या बायका पुढे बसायला गेल्या. कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, "तुमी जरा मागं सरका, हितं पावणं बसायचेत." आधी मागे, मग कडेला, असं सरकता सरकता त्या मंचाला वळसा घालून भिंतीच्या पलीकडे गेल्या. पुढे तेच अंगवळणी पडलं. ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतलं नाटक, आई पोतं अंथरून भिंतीला पाठ टेकून ऐकायची. लोक हसले की तीही हसायची, कशाला ते ठाऊक नसायचं. मला तिचा राग यायचा. ज्यांचा यायला हवा, त्यांच्यापुढे मी गप्प.

वडिलांची एकच इच्छा होती: आपण बांधलेल्या मंचावर एकदा गाणं म्हणावं आणि आईनं समोर बसून ऐकावं. दरवर्षी जयंतीसाठी अर्ज, दरवर्षी एकच उत्तर, "त्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठरलाय." तो कार्यक्रम कधी कोणाला दिसला नाही. बारा-तेरा वर्षांनी बागेची कमिटी बदलली आणि परवानगी मिळाली. तोवर सिमेंटनं वडिलांची छाती धरली होती. एखाद्या गाण्यापुरता दम उरला होता.

त्या संध्याकाळी ते मंचावर चढले. समोर वस्तीतली पोरं, बाप्ये, गावातलेही काही जण. आई कुठेच दिसेना. मी मागे धावले. नवं पातळ नेसून ती नेहमीच्या जागी, पोत्यावर बसली होती.

"हितनं चांगलं ऐकू येतं," ती म्हणाली. मला रडूच फुटलं.

वडिलांना कळलं तसे ते खाली उतरले, वळसा घालून आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी आईचा हात धरला. उभ्या जन्मात त्यांनी असं केलं नव्हतं. "लई वर्सं पाठ टेकलीस," ते म्हणाले. "आता म्होरं बस."

ती पहिल्या रांगेत बसली. वडील पुन्हा पायऱ्या चढून माइकपुढे उभे राहिले. ओठ हलले, आवाज आला नाही. होता नव्हता तो दम आईला आणण्यात संपला होता. गाणं पोरांनी उचललं. आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे; ती नुसती त्यांच्याकडे बघत होती.