गहू घरी येईपर्यंत

आमच्या इवायाइतका धीराचा माणूस मी उभ्या वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही, आणि अंजनगावच्या बाजारात सारा जन्म काढल्यामुळे माणसं काही मी कमी पाहिलेली नाहीत. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. शहरातले लोक व्याही म्हणतात. राहायला अकोल्याला. अंगानं कडूनिंबाच्या खोडासारखे, मिशी पांढरीशुभ्र, टोपी घरातसुद्धा डोक्यावर, आणि गुडघे असे की उठता-बसता दार वाजल्यासारखा आवाज येतो. या वयात माणूस देवळात बसतो नाहीतर दुसऱ्याच्या सुनांबद्दल बोलतो. आमचे इवाई कॉम्प्युटरवर गेम खेळतात. खेळतात म्हटलेलं मात्र त्यांना चालत नाही. ‘‘खेयतात लेकरं,’’ ते म्हणतात. ‘‘मी वावर वाहतो.’’

आणि खरंच वाहतात. बोंडअळीच्या त्या सालांत चांगल्या चांगल्यांची कंबरडी मोडली. इवायांचे गुडघे तेव्हाच गेले, दोन्ही पोरं पुण्याला नोकरीत, मग काळंभोर वावर त्यांनी मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं आणि अकोल्यात येऊन बसले. शेवटची तीन पिकं हातची गेली होती. एक अळीनं, एक पावसानं, एक पाऊस नाही म्हणून. ‘‘एक पीक घरी आणून मंग शेती सोडली असती त काही वाटलं नसतं,’’ एवढंच म्हणायचे. दिवाळीत आमच्या जावयानं गंमत म्हणून त्यांना एक गेम दाखवला. त्यात ट्रॅक्टर, नांगर, हार्वेस्टर, आणि कुठल्या तरी थंड मुलखातलं हिरवंगार शिवार. इवायांनी चहा गार होऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, नवी टोपी घालून जावयाला म्हणाले, ‘‘मले हे पायजे. याच्यात गहू पेरतो, अन् घरी आणतो.’’

तयार मशीन मिळत होती. ती त्यांनी घेतली नाही. ‘‘बैलजोडी कोणी बांधून तयार घेते काय? एक एक पारखून घ्या लागते.’’ पारखायला ते अमरावतीला आले आणि मला अंजनगावहून बोलावून घेतलं. राजापेठेतल्या एका दुकानात त्यांनी पंखे फिरवून पाहिले, ग्राफिक कार्ड पालथं करून त्याचे दात पाहिले, आणि पसंत पडल्यावर गळ्यातला रुमाल काढून दुकानदाराच्या हातावर टाकला. बैलबाजारात असंच असतं. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं धरायची. दुकानदारानं विंचू चावल्यासारखा हात ओढून घेतला. ‘‘काका, किंमत त्या खोक्यावर लिहेल हाय ना!’’ इवाई शांतपणे म्हणाले, ‘‘ते लिहेल जगासाठी हाय, भाऊ. माह्यासाठी बोटातलं सांगा.’’ शेवटी त्या गड्यानं रुमालाखाली हात दिला. काय ठरलं ते मला आजही माहीत नाही, पण दोघेही खुशीत दिसले.

मशीनला वीज पुरवणारी एक डबी असते. एसएमपीएस म्हणतात. ती त्या दिवशी घ्यायची राहिली. अधिक महिना होता. जावयाचा मान करायचा तर इवायाचाही करावा लागतो, म्हणून माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, ‘‘इवाई, तुमाले काय घेऊ?’’ ते थट्टेत म्हणाले, ‘‘माह्या मशीनीची ताकद घ्याची उरली हाय, ते घ्या.’’ आमच्या घरात थट्टा आणि शब्द यांत फरक नव्हता. ती एकटी राजापेठेत गेली. तांब्याचं भांडं घेताना वाजवून घेते तशी तिनं ती डबी बोटानं टकटक वाजवली, उजेडात धरून चमक पाहिली, आणि घेऊन आली. टोपी, उपरणं, त्यावर ती डबी, डबीला कुंकवाचं बोट. असा आहेर कोणत्या इवायाला झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि तसाच मशीनमध्ये बसवला.

मग सुरू झाली त्यांची शेती. ती पाहताना मी तरी तोंडात बोट घातलं. अमावस्येला मशीन बंद, त्या दिवशी औत धरत नसतात. पेरणीआधी नारळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात तसं त्यांनी त्या कॅबिनेटला वरून तूप-हळद लावली आणि कानात सांगावं तसं वाकून म्हणाले, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’ आमच्या इहीनबाई, म्हणजे इवायांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘‘अव माय! शार्ट होईन ते, अन् तुमीबी जासान त्याच्यासंगं!’’ दुसऱ्या दिवशी मशीनच्या गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात पुरणपोळी.

एवढं करूनही गहू काही घरी येत नव्हता. नांगरट व्हायची, पेरणी व्हायची, पीक पोटरीला यायचं, पिवळं व्हायचं. तोवर मशीन गरीब गायीसारखी. हार्वेस्टर उभ्या गव्हात घातला की आतला पंखा घोंघावायला लागायचा, आणि वावराच्या मध्यावर कधीतरी पडदा काळा ठिक्कर. मशीन मुकी. इवाई म्हणायचे, ‘‘गेलं!’’ त्यांचा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारणी दारात यायच्या.

‘‘गेलं काय हो आजबी?’’

‘‘गेलं, माय.’’

‘‘उभं होतं काय?’’

‘‘सारं उभं होतं.’’

आणि त्या बाया खरोखर हळहळायच्या. एक म्हातारी तर चहा घेऊन यायची. गारपीट झालेल्या घरी येतात तशी अर्धा घंटा काही न बोलता बसायची, आणि कप घेऊन जायची.

त्यांच्या गल्लीत एक मेकॅनिक भाई आहे. रेडिओच्या काळापासून दुरुस्ती करतो, बोलायला असा की बंद पडलेला पंखा त्याच्या बडबडीनंच सुरू व्हावा. त्यानं एकदा सोपी वाट सांगितली. ‘‘चाचा, इतना रोना कायकू? गेम में सब सेव रहता. कापणीच्या आदल्या दिवसापासून चालू करा.’’

‘‘अन् नांगरट?’’

‘‘ते त झालेलीच हाय ना!’’

‘‘भाई, गारपीट झाली त शेतकरी आदल्या दिवशी जाते काय?’’

‘‘नई जाता.’’

‘‘मंग मी कसा जाऊ?’’

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नांगरायला घेतलं. मशीन मेली की प्रत्येक वेळी पहिल्यापासून. मी शाळेत चौथीच्या पुढं गेलो नाही, मोठ्या गोष्टी मला सांगता येत नाहीत; पण काळ्या पडलेल्या पडद्यासमोर बसून तो माणूस टोपी सरळ करायचा आणि ‘‘चाला’’ म्हणायचा, ते पाहून मला देवळात उभं राहिल्यासारखं व्हायचं.

आजार शोधायची त्यांची रीतही जनावराच्या डॉक्टराची. आधी पाठीवर तळहात ठेवून ताप पाहणार, मग कान लावून श्वास ऐकणार. गरम होते म्हणून तिच्यापुढं कूलर लावला आणि स्वतः घामात बसले. दिशा बाधते म्हणून तोंड पूर्वेला केलं. इहीनबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, ती मोहरी पंख्यातून आत गेली, आणि कित्येक दिवस ती मशीन खुळखुळ्यासारखी वाजत होती. कोणीतरी सांगितलं, अर्थिंग कमजोर आहे, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की असं होतं. झालं, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला हे रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागले. तिथं तुरीचं एक झाड उगवलं. ते उपटू देईनात. तोडून आणलेल्या ओंजळभर शेंगा मला दाखवून म्हणाले, ‘‘इवाई, मशीन नाही त नाही, अर्थिंग पिकलं.’’ रॅम बदलली, कार्ड बदललं, पंखे बदलले, तारा बदलल्या. गहू उभाच.

मागच्या वर्षी ज्वारी निसवून कणसं आली तेव्हा माझी बायको गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, मी सकाळीच दोन्ही वेळचं करून ठेवायचो, आणि मीठ जास्त झालं तरी बोलायला कोणी नव्हतं. माझ्या पानपिंपरीच्या, म्हणजे औषधाच्या पिंपळीच्या, मळ्यात जायचो, वेलाला हात न लावता परत यायचो. अशात इवायांचा फोन आला. ‘‘तुमी या. मशीन ऐकत नाही. दोघं मिळून पाहू.’’ मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतं? ‘‘मले तरी काय समजते? या तुमी.’’ मी दोन दिवसांचे कपडे घेऊन गेलो.

मी गेलो त्याच दुपारी पुन्हा ‘‘गेलं!’’ झालं. इवाई तोंड धुवायला उठले. मेकॅनिक भाई ओट्यावर बसला होता, मी त्याला सरळच विचारलं, ‘‘काहो भाई, तुमाले येते का नाही हे काम? सारं त बदलून झालं.’’ त्याला ते लागलं. ‘‘सब नई बदला, चाचा. एक चीज को हात नई लगाने देते. ते एसएमपीएस. दिसते चमचम, पण अंदर दम नई. गहू कापताना कार्ड ताकद मांगते अन् ते डबी बसून जाते. मैं तो पहले साल से बोल रहा.’’ मग आवाज खाली करून म्हणाला, ‘‘मेरेकू कसम दिली होती, तुमाले सांगू नको म्हणून.’’

मी तसाच आत गेलो. इवाई टॉवेलनं तोंड पुसत होते.

‘‘इवाई, तुमी येडे-बह्याड हा काय?’’

‘‘काहून? काय झालं?’’

‘‘ते डबी काढा.’’

‘‘कोणती डबी?’’

‘‘माह्या बायकोनं देल्ली ते.’’

त्यांनी टॉवेल घडी केला. पुन्हा उघडून पुन्हा घडी केला. ‘‘तो इहिनीचा आहेर हाय. आहेर असा उतरवत नसतात.’’

‘‘आहेराचं धोतर फाटलं त नेसूनच राहता काय?’’

‘‘फाटलं त त्याच्या वाती करतो. फेकत नाही.’’

‘‘अहो, तिले दुकानदारानं गंडवलं! जिती असती अन् तिले समजलं असतं, त चप्पल घालून पहिल्या गाडीनं राजापेठेत गेली असती, अन् त्या दुकानदाराले बाजार दाखवला असता.’’

इवायांच्या मिशीत थोडं हसू आलं. ‘‘हव. गेली असती.’’

‘‘मंग?’’

त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाले, ‘‘मंग तुमी काढा. माह्यानं होत नाही.’’

त्या वर्षी मी तिचं बरंच काही काढलं होतं. कपाटातली लुगडी, खुंटीवरची पिशवी, उशाचा चष्मा. तेव्हा हात थांबला नव्हता. त्या स्क्रूंपाशी थांबला. भाईनं पिळायचं कसं ते दाखवलं. इवाई बॅटरी धरून उभे होते, पण तोंड खिडकीकडं होतं, त्यामुळे उजेड सारा भिंतीवर. ‘‘इकडं धरा ना हो,’’ मी म्हणालो. डबी निघाली ती इहीनबाईंनी पदरात घेतली आणि आत नेली. भाईनं बाजारातून दुसरी आणली, धडधाकट, दिसायला काळीकुट्ट.

नांगरट अर्थात पहिल्यापासून. दोन दिवसांसाठी गेलेला मी गहू पिवळा होईपर्यंत राहिलो. कापणी ठरली त्या दिवशी दुपारी अर्धी गल्ली त्या खोलीत होती. इवायांनी हार्वेस्टर गव्हात घातला. पंखा घोंघावला. वावराचा मध्य आला तेव्हा चहावाली म्हातारी डोळे मिटून बसली. मध्य गेला. पडदा उजेडातच राहिला. वळण, पुन्हा ओळ, पुन्हा वळण. गव्हाच्या ट्रॉल्या भरून कोठाराकडं जात होत्या. शेवटी बांधाच्या कडेला एक पट्टा उरला, आणि इवायांनी हार्वेस्टर थांबवला.

‘‘चाचा, मारो ना!’’ भाई ओरडला. ‘‘एकच फेरी राहिली!’’

‘‘राहू दे तेवढं. पाखरायच्या वाट्याचं हाय.’’

‘‘अरे चाचा, इस गेम में पाखरं नई है! बनाईच नई किसीने!’’

इवायांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घाम पुसला. ‘‘येतीन ना,’’ ते म्हणाले. ‘‘उभं दिसलं का येतात.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीला रोडगे घातले. अंगणात गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजलेले ते कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, तूप. नवा आलेला माणूस विचारायचा, कशाचं जेवण? इवाई सांगायचे, ‘‘गहू घरी आला.’’ एकानंही हसून दाखवलं नाही. मी दोन रोडगे खाल्ले, तिसरा मागितला.

आता मी अकोल्याला गेलो की जेवणं झाल्यावर इवाई मशीन लावतात. नवी नांगरट त्यांनी त्या पट्ट्याला सोडून केली आहे. त्या मुलखात संध्याकाळ फार हळू होते. बांधावरचा गहू वाऱ्यानं हलतो. तिथं पाखरू नाही, हे आम्हा दोघांनाही आता पक्कं माहीत आहे. इवाई तरी आवाज बारीक करतात, खुर्ची थोडी मागं ओढतात, आणि मला हातानंच खूण करतात की हलू नका, बुजतीन. मला म्हाताऱ्याचा खोकला आहे. तो येतो, आणि मी दाबून धरतो.