वस्तादांची पेन्सिल

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढच्या दोन पायऱ्या. आत तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर शिलाई मशीनची मुंडकी ओळीनं बसलेली. कुणाचं चाक गेलेलं, कुणाचा पट्टा, कुणाच्या अंगावरचा सोनेरी वेलच तेवढा शाबूत. चौथ्या बाजूला खिडकी आणि खिडकीशी कॉम्प्युटर. त्याला टेबल आणायचं म्हणून घरात दोन वर्षं नुसतंच बोलणं चाललं होतं. शेवटी कुणी न्यायलाच न आलेल्या एका मशीनचं मुंडकं उतरवून मिस्त्रीनं त्या स्टँडवर कॉम्प्युटर बसवला. खालचं पायडल तसंच राहिलं. त्यामुळे मिस्त्री विचारात पडला की त्याचा पाय चालू व्हायचा आणि खटखट ऐकून आतून बायको विचारायची, "आज काय शिवताय?"

शिवत काहीच नसायचा. तो मंच सांभाळायचा. जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर चर्चेची एक जागा मुलीनं अकरा वर्षांपूर्वी काढून दिली होती. पहिल्या महिन्यात पाच सभासद होते: मिस्त्री, मिस्त्रीचे वस्ताद, मुलगी स्वतः आणि दोघं चुकून आलेले, जे मग गेलेच नाहीत. आता चार हजारांवर माणसं झाली होती. कुठलाही प्रश्न आला की मिस्त्रीचं पहिलं उत्तर 'आधी तेल घाला' हे असायचं, म्हणून तिथं सगळे त्याला तेलबाटली म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. निम्मी मशीनं तेलानंच सुटतात हे त्याला ठाऊक होतं.

चार हजार माणसं म्हटली की सगळ्यांना सगळं करू देऊन चालत नाही. म्हणून गट होते. 'नवे' होते, त्यांनी वाचावं आणि विचारावं. 'सभासद' होते, त्यांनी उत्तरं लिहावीत, फोटो टाकावेत, आपलं लिखाण दुरुस्त करावं. 'राखणदार' चौघं, त्यांनी भांडणं सोडवावीत आणि दुसऱ्यांचं चुकलेलंही नीट करावं. आणि सगळ्यांवर व्यवस्थापक म्हणून मिस्त्री. कुणाला काय करता येईल हे ठरवायचं एक पान होतं. त्यावर परवानग्यांची लांबलचक यादी आणि प्रत्येकीपुढे तीन गोल: हो, नाही, कधीच नाही. अकरा वर्षांत मिस्त्री त्या पानावर चारदा गेला असेल. चालत्या मशीनचा स्क्रू पिळू नये, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

पण त्या वर्षी पिळावा लागला.

वस्ताद चौऱ्याऐंशीचे. दोन गल्ल्या पलीकडे सुनेकडे राहायचे. त्यांच्या हाताखाली मिस्त्री चौदा वर्षं राबला होता आणि त्या चौदा वर्षांत त्यांना एकदाही उलट बोलला नव्हता. बोलायची वेळच आली नाही, कारण वस्ताद चुकायचेच नाहीत. मंचावर त्यांची तीनशे बारा लिखाणं होती. त्यांतलं एखादं तरी वाचल्याशिवाय मशीन उघडणारा सभासद शोधून सापडला नसता.

दीड महिन्यापूर्वी वस्तादांनी आपली जुनी लिखाणं सुधारायला घेतली. लिखाणाच्या कोपऱ्यात छोटी पेन्सिल असायची, ती दाबली की मजकूर बदलता यायचा. रोज सकाळी नाश्ता झाला की ते बसायचे, पेन्सिल दाबायचे आणि बरोबर असलेलं चुकीचं करून ठेवायचे. भाषा तीच, ऐट तीच, आकडे मात्र भलतेच. कुणी काय बदललं याची नोंद मंचावर राहते. दुपारी मिस्त्री ती नोंद काढायचा आणि व्यवस्थापकाच्या हक्कानं जुना मजकूर गुपचूप परत बसवायचा. वस्तादांच्या ते लक्षातही यायचं नाही. तरी अकरा लिखाणं अजून नीट करायची राहिली होती.

मग कपडे शिवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. वस्तादांचं वाचून त्यांनी आपल्या मशीनचा मेळ स्वतः बसवला होता. सुई तळाशी जाऊन किती वर आली म्हणजे शटलचं टोक तिच्यापाशी यावं, हा तो मेळ. मूळ लिखाणात सव्वादोन मिलिमीटर होतं, आता साडेपाच झालं होतं. तीन सुया मोडल्या, शटलला चरा गेला, आठवडाभराचं काम अडलं. बाईंनी तक्रार केली नव्हती. नम्रपणे विचारलं होतं, माझ्याकडून काही चुकलं का?

मिस्त्री ते पत्र घेऊन बराच वेळ पायडल मारत बसला. वस्तादांची पेन्सिल काढून घ्यायला हवी होती. पण त्यांची एकट्याची काढली तर ते विचारणार, आणि विचारलं तर सांगणार काय? त्यापेक्षा सगळ्यांचीच काढावी, असं त्यानं ठरवलं. एका दिवसापेक्षा जुन्या लिखाणाला कुठल्याही सभासदानं हात लावायचा नाही, असा नियमच करून टाकायचा. मग कुणाला एकट्याला लागणार नाही. राखणदारांचे आणि आपले हक्क वेगळे आहेत, तेव्हा ती अकरा लिखाणं आपण सावकाश नीट करू, असा त्याचा हिशेब.

परवानग्यांचं पान उघडून तो तीन गोलांसमोर थबकला. 'नाही' आणि 'कधीच नाही'. आता मिस्त्रीच्या घरात 'नाही' या शब्दाला किती वजन होतं ते सांगायला हवं. त्यानं मांजराला नाही म्हटलं होतं, सोफ्याला नाही म्हटलं होतं. या घडीला मांजर सोफ्यावर झोपलेलं होतं. तेव्हा त्यानं 'कधीच नाही' दाबलं आणि वर जपून जतन केलं.

मग त्या मेळाचं लिखाण उघडलं. कोपऱ्यात पेन्सिल नव्हती. दुसरं उघडलं, त्यातही नव्हती. पाय थांबला.

मुलगी कामावर होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन केला, सगळं ऐकून घेतलं आणि हसू आवरत समजावलं. नुसतं 'नाही' म्हणजे हा गट देत नाही, दुसऱ्या गटानं दिलं तर चालतं. 'कधीच नाही' म्हणजे मग कुणीही दिलं तरी मिळत नाही. आणि राखणदार काय, व्यवस्थापक काय, सभासदांच्या गटात सगळेच असतात.

"एकच गोल बदला, बाबा. सुटाल."

मिस्त्री गोल बदलायला वाकला, तोच पायरीवर काठी वाजली. वस्ताद आत आले, स्टूल ओढून बसले. दम खाल्ला आणि म्हणाले, "माझी पेन्सिल गेली."

मिस्त्रीनं त्यांना सांगितलं की सगळ्यांचीच गेली आहे, नवा नियम केलाय.

"तुझीसुद्धा?"

"माझीसुद्धा." हे खरंच होतं, म्हणून त्यानं ते जरा जोरात सांगितलं.

वस्तादांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चौदा वर्षं तू स्वतःच्या पान्याला कुणाचा हात लागू दिला नाहीस. पेन्सिल बरी सोडलीस? तुझं काहीतरी चुकलंय. आता सांग, थांबवायचं कुणाला होतं?"

मिस्त्रीनं समोरचा एक बॉबिन उचलून जागेवर ठेवला. तो आधीही जागेवरच होता.

"तुम्हाला," तो म्हणाला.

वस्तादांनी लिखाण वाचून दाखवायला सांगितलं. मिस्त्रीनं साडेपाचाची ओळ वाचली. वस्तादांनी मान डोलावली. मग त्यानं नोंदीतली जुनी ओळ वाचली, सव्वादोनाची. वस्तादांनी तशीच मान डोलावली. बाईंचं पत्रही त्यांनी वाचायला लावलं, सुया किती मोडल्या ते दोनदा विचारलं.

"मला दोन्ही बरोबर वाटतायत," ते शेवटी म्हणाले. "कधीपासून चाललंय हे?"

"दीड महिना."

"आणि दीड महिना तू माझ्यामागून पुसत फिरतोयस."

वस्ताद काठीची मूठ चोळत बसले. मग दुकानात पूर्वी काम वाटून द्यायचे त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, "पेन्सिल तुझ्याकडे ठेव. जुन्याला मी हात लावत नाही. पण नवीन लिहिणार. चुकलो तर खाली लिही, सगळ्यांसमोर लिही. तोंडावर सांगितलेलं मला चालतं. पाठीमागून नाही चालायचं."

मिस्त्रीनं गोल पुन्हा 'हो'वर नेला, सगळ्यांच्या पेन्सिली परत आल्या. वस्तादांच्या देखत त्यानं अकराही लिखाणं नीट केली. बाईंना उत्तर मात्र वस्तादांनी सांगितलं तसं लिहिलं, की चूक तुमची नाही, लिहिणाऱ्याची. मग वस्तादांपुरता एक वेगळा गट काढला: नवं लिहायला हो, जुनं बदलायला कधीच नाही. गटाला नाव दिल्याशिवाय पान पुढे सरकेना. वस्ताद म्हणाले, 'जुने' लिही.

"यात दुसरं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सध्या तुम्हीच."

"हरकत नाही. तुझी जागा धरून ठेवतो."

चार दिवसांनी एका नव्या सभासदानं विचारलं की जाड कापडाला कितीची सुई लावावी. तासाभरात वस्तादांचं उत्तर आलं. कापड कसं धरावं, पायडल किती हलकं मारावं, शिवण कुठून सुरू करावी, सगळं झकास. शेवटी सुईचा नंबर दिला होता, नऊ. नऊ नंबरची सुई तलम कापडाची. जाड कापडात ती दोन टाके टिकली नसती.

मिस्त्रीसमोर पेन्सिल होती. एक आकडा पुसला असता तर वस्तादांना कळलंही नसतं. त्यानं ती दाबली नाही. खालची उत्तराची चौकट उघडली. 'वस्ताद, माफ करा' असं लिहिलं आणि पुसलं. 'मला वाटतं' लिहिलं, तेही पुसलं. आतून बायकोनं विचारलं, आज एवढं काय शिवताय? मग एका दमात लिहिलं, "वस्ताद, नऊ नाही, सोळा," आणि पाठवून दिलं. चार हजार माणसांसमोर.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. मिस्त्री तोवर जागचा हलला नाही.

"बरोबर, सोळा," वस्तादांनी लिहिलं होतं. "पुढचा प्रश्न कुणाचा आहे?"