नातवाने न खेळलेला सामना
मिरच्या-मोहरी जळल्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली डिसेंबरची ती दुपार आठवते. नातू कॉलेजच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, एकमेकांच्या अंगावर धडकून खेळतात तो. सीझनअखेरच्या मानाच्या बोल गेमआधी मी त्याची दृष्ट काढत होते, तर तो म्हणाला, "आजी, मी खेळणार नाहीये. प्रो टीम्स मला घ्यायचं बघतायत. गुडघा गेला तर सगळं ओव्हर." "मैदान सोडून पळतोस? आपल्या घराण्यात असं कुणी केलं नाही!" मी कडाडले. जणू घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळे फुटबॉलच खेळत होते! तेव्हा मी जेमतेम सत्तरीची, अक्कल यायची होती. सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या जागी खेळणारा मुलगा गुडघा धरून कोसळला. "बरं झालं बाई, तू नव्हतास," माझ्या तोंडून निसटलं. नातू ताडकन उभा राहिला. "आजी, रूममेट आहे तो माझा! ऊठ यार, ऊठ ना!" स्ट्रेचर आलं तसा त्याने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. तो मुलगा लंगडत उठला, तेव्हा कुठे हात सुटला. आता नातू प्रो खेळतो. मला अजून स्कोअर कळत नाही. पोरांचा ढीग पडला की सगळे उठतायत ना, तेवढंच मी बघते, समोरच्या टीमचेसुद्धा.