डब्यातला आवाज

आमच्या धाकट्या भाऊजींना कामावर सगळे खटपट्या म्हणतात. लिफ्ट दुरुस्तीचं काम. कुठल्या उंच इमारतीत माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला की पहिला फोन त्यांना जातो. तिथे पोचल्यावर हत्यारं काढायच्या आधी ते आतल्या माणसाशी बोलायला लागतात. "घाबरू नका, दोर शाबूत आहेत. एक तुटला तरी दुसरा धरतो. तुम्ही निवांत उभे राहा." अडकलेला माणूस बाहेर येईपर्यंत भाऊजींच्या घरची निम्मी हकिकत त्याला पाठ झालेली असते.

आमची दोन बिऱ्हाडं एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर. माझी धाकटी जाऊ आणि मी रोज सकाळी कामं आटोपून देवापुढे बसायचो. मी भजनाची ओळ उचलायची आणि तिने मागून सूर धरायचा. माझा आवाज म्हणजे फाटकं पोतं, तिचा मात्र असा की जिन्यातून जाणारा माणूस पायरीवर थबकायचा. भाऊजींचं देवाशी भांडण नाही, पण जाणंयेणंही नाही. सुटी असली की ते पलीकडच्या खोलीत टेबलाशी बसून खुडबुड करत.

ती खुडबुड कसली, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा त्यांनी तळहातावर एक हिरवी पाटी आणून दाखवली. पत्त्यांच्या कॅटएवढी.

"वहिनी, हा पूर्ण कॉम्प्युटर आहे."

"पडदा कुठाय याचा? बटणं?"

"नाहीत. याने नुसतं सांभाळायचं. आपले फोटो, आपली कागदपत्रं, सगळं आपल्या घरात. आत्ता आपण दुसऱ्याच्या ओसरीवर सामान ठेवतोय. उद्या त्याने उचला म्हटलं तर?"

धाकटी आतून म्हणाली, "ताई, विचारू नका, नाहीतर जेवणाची वेळ टळेल. मला बघायला आले होते तेव्हा माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं हो, जितकं त्या पाटीकडे पाहतात."

"तू तापत नव्हतीस," भाऊजी म्हणाले. "ही तापते. हिच्याकडे लक्ष द्यावं लागतं."

"मी तापत नव्हते? ऐका ताई, ऐका."

त्यांनी जेवणाच्या जुन्या डब्याला भोकं पाडून त्यात ती पाटी बसवली, वर छोटा पंखा लावला आणि चपलांच्या कपाटावर राउटरशेजारी तिची स्थापना केली. तिला एक हार्ड डिस्क जोडली, मग दुसरी. आमचे हे थोरले असल्याने त्यांना टोमणे मारायचा परवाना आहे. ते म्हणाले, "गावाच्या लिफ्टा बंद पडतात आणि खटपट्या घरी डब्यात अडकलेला असतो. त्याला बाहेर कोण काढणार?" पण बघता बघता आम्हा सगळ्यांचे फोटो आपोआप त्या डब्यात जायला लागले. परमुलखात नोकरीला असलेली धाकटीची लेक तिथूनही डबा उघडून बघू शकायची. भाऊजींची छाती फुगायची. एवढंच त्यांचं व्यसन. बाकी सुपारीच्या खांडाचंही नाही.

मग धाकटीचा आवाज बसला. सर्दी म्हणून सोडून दिलं, काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आम्ही दोघी त्या दिवशी देवापुढे बसलो आणि दोघींपैकी कोणीच ओळ उचलली नाही.

भाऊजी रडले नाहीत. त्यांनी माइक आणला. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत, घोगरा का होईना, जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा ते भरून घ्यायला लागले. हे म्हण, ते म्हण. "जेवायला चला." "दार कोण वाजवतंय बघा." लेकीचं लाडाचं नाव. आम्हा सगळ्यांच्या हाका. आमची भजनं. ती सुपात धान्य घेऊन निवडत बसायची आणि भाऊजी समोर माइक धरून.

"आता मला डब्यात भरताय होय?" ती म्हणायची. "झाकण घट्ट लावा, सादळेन."

नंतर त्यांनी जुना माल गोळा करायला घेतला. कोणाच्या फोनवर तिचे निरोप होते, कोणाकडे लग्नात ती गायलेली, लेकीकडे तर रोजचं बोलणं होतं, घसा चांगला होता तेव्हाचं. सगळं त्यांनी डब्यात आणलं. आणि आणल्यावर प्रत्येकाला म्हणाले, आता तुमच्याकडचं काढून टाका. माझा फोन त्यांनी स्वतः हातात घेऊन साफ केला.

"अहो राहू द्या की एखादं," मी म्हटलं.

"नको वहिनी. तुमच्या फोनवर म्हणजे परक्या कंपनीच्या गोदामात. तिचा आवाज मला कोणाच्या गोदामात नको. घरात आहे तो. एका डिस्कला काही झालं तर दुसरी आहे. लिफ्टसारखं."

त्यांचं बोलणं मला पटलं. लेकीलाही पटलं. असं प्रेम बघितल्यावर कोण वाद घालणार?

ऑपरेशन झालं. धाकटी घरी आली ती गळ्यावर रुमाल बांधून. बोलायचं ते फोनवर लिहून दाखवायची, नाहीतर ओठ हलवायची. भाऊजींनी डब्याला स्पीकर जोडला, आणि रोज जेवायच्या वेळी चपलांच्या कपाटावरून डबा बोलायचा, "जेवायला चला." तिच्याच आवाजात. भाऊजी टेबलावरून उठून हसत यायचे. जणू काही झालंच नाही. ती हातात डाव घेऊन ओट्याशी उभी असायची. पहिल्यांदा हसली. पुढे पुढे मी पाहिलं, डबा बोलायची वेळ झाली की ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागायची. वाळले नसले तरी. भाऊजींच्या ते लक्षात येत नव्हतं. ती ओठ हलवून काही सांगायला लागली की ते म्हणायचे, "थांब, लिहून दाखव," आणि तोवर डब्याकडे वळलेले असायचे. त्यातलं तिचं बोलणं ते नावं देऊन लावून ठेवत होते. रागावलेली. हसतानाची. लेकीशी. गाताना.

पुढे एका बंदरावरच्या नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम निघालं आणि भाऊजी काही दिवस बाहेरगावी गेले. ते गेल्यावर डबा बोलेनासा झाला. धाकटीने मला फोनवर लिहून दाखवलं, "पाटी रुसली." मी म्हटलं, धनी आला की बोलेल. आम्हा दोघींपैकी कोणी त्याला हात लावला नाही. पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता, म्हणजे बरं असेल, असं समजलो.

भाऊजी आले, पायातले बूट न काढताच कपाटापुढे बसले. थोड्या वेळाने मी भाजी द्यायला गेले तर तसेच बसलेले. लॅपटॉप मांडीवर, चेहरा पांढराफटक. धाकटी अंघोळीला गेली होती.

"काय झालं हो?"

"पहिली डिस्क गेली, वहिनी. आतून खरवडली."

"मग दुसरी आहे ना? तुम्हीच म्हणता, एक तुटला तरी दुसरा धरतो."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू हळू त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या डिस्कवर पसारा होऊ नये म्हणून त्यांनी पाटीला हुकूम दिला होता की रोज पहिलीकडे बघ आणि दुसरी हुबेहूब तशी कर. पहिलीवर नवं दिसलं तर इथे आण. पहिलीवर जे नसेल ते इथूनही काढ. पहिली डिस्क मेली. पाटीला तिच्या जागी काहीच दिसलं नाही. पाटी इमानी. तिने दुसरीही तशीच केली. रिकामी. वर रोज आमच्या फोनांवरून नवे फोटो येतच होते, ते त्या रिकाम्या जागेवर बसत गेले.

"मी दुसरा दोर पहिल्यालाच बांधला," ते म्हणाले. "मी. लिफ्टवाल्याने."

डिस्का घेऊन ते दुकानांच्या पायऱ्या झिजवत फिरले. एकाने खोलून पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्याने आमच्याच भाज्यांचे आणि बिलांचे फोटो काढून दाखवले, खाली काही उरलेलं नव्हतं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगितलंत ना काढून टाक म्हणून." सगळ्या नातलगांना विचारून झालं. सगळ्यांनी ऐकलं होतं भाऊजींचं. त्यांचं कधी कोणी ऐकत नाही, नेमकं याच वेळी ऐकलं.

धाकटीला मात्र ते सांगत होते, दुरुस्ती चालू आहे. ती मान डोलवायची. मला ते बघवेना. एकदा जिन्यात गाठून मी म्हटलं, "भाऊजी, अडकलेल्या माणसाला तुम्ही आधी खरं सांगता ना? मग?"

"त्यांना मी बाहेर काढणार असतो, वहिनी," ते म्हणाले. "हिला कुठून काढू?"

त्याच दुपारी आम्ही चौघं त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. भाऊजींनी ताट पुढे सरकवलं आणि सांगितलं. एका दमात, खाली बघून. गेलं सगळं. एकही शब्द उरला नाही. माझ्यामुळे.

आमचे हे उठून खिडकीशी गेले. धाकटी रडली नाही. हात पुसले. फोन तिच्या ताटाशेजारीच पडला होता, पण तिने तो उचलला नाही. तिने भाऊजींची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले.

"लिहून दाख..." ते म्हणायला लागले आणि थांबले.

तिने पुन्हा ओठ हलवले. सावकाश. मला बाजूने दिसत नव्हतं. भाऊजींना दिसलं. त्यांनी ते शब्द मोठ्याने उच्चारले, बरोबर आहे का विचारावं तसे.

"मला... विचारलंत... कधी?"

तिने मान हलवली. हो, तेच.

विचारलं नव्हतं. भरून घेताना नाही, सगळ्यांकडचं पुसायला लावताना नाही, जेवायच्या वेळी तिच्या पाठीमागून तिलाच बोलतं करतानाही नाही. भाऊजी "नाही" एवढंच म्हणाले. आणि मग ते रडले. ऑपरेशनच्या वेळचंही त्यातच रडून घेतलं असावं. धाकटीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचा चेहरा मऊ झाला नव्हता. ते दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तिचा आवाज कसा होता, हे आता मला नेमकं सांगता येत नाही. गोड होता म्हणते, पण गोड तर साखरही असते. सूर आठवायला जावं तर माझाच फाटका सूर मध्ये येतो. देवाकडे मी बरंच काही मागत आले, आता मागणं सुचत नाही. त्याच्याकडे तरी असेल तो आवाज, एवढं मनात येतं.

सकाळचं बसणं आम्ही सोडलं नाही. ओळ मी उचलते, मागचा सूरही मीच धरते, आणि धाकटी नुसते ओठ हलवते. हल्ली सुटीच्या दिवशी भाऊजीही येऊन बसतात. चष्मा पुसून घेतात आणि तिच्या अगदी समोर बसतात, म्हणजे देवाकडे सपशेल पाठ करून. मध्येच एखादा शब्द त्यांना लागत नाही, मग पुढे वाकतात. धाकटी तेवढी ओळ पुन्हा घेते, म्हणून मीही पुन्हा घेते.

देवाकडे पाठ करू नये, असं कोणालाही म्हणणारी मी. भाऊजींना अजून म्हटलेलं नाही.